अकरा वज्रवीर, एक जलजा

जलजा त्या माणसाच्या हातात होती आणि दुकानाची भवानी अजून व्हायची होती.

जानकीने नुकतीच तसबिरीला उदबत्ती ओवाळली होती. सकाळी सकाळी मिठबावच्या तिठ्यावर कोल्हापूरची गाडी थांबते काय, त्यातला माणूस थेट खेळण्यांच्या फळीशी जातो काय, आणि काल संध्याकाळी फोडलेल्या खोक्यातून नेमकी तीच बाहुली उचलतो काय! जलजा आत नेऊन ठेवायची राहिली होती. चूक जानकीचीच होती.

"ही द्या," तो म्हणाला. "सिंधुदुर्गनगरीपासून दुकानं पालथी घालत आलोय. जिथे तिथे वज्रवीरच."

ते काही खोटं नव्हतं. वरून माल यायचा तोच असा. एका खोक्यात अकरा वज्रवीर आणि एक जलजा. हवं तर अख्खं खोकं घ्या, नाहीतर राहू द्या. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला बहुधा मुलगी नसावी. आधीच्या खोक्यातली जलजा तर वाटेतच कुणीतरी काढून घेतली होती. त्यातले वज्रवीर अजून फळीवर मुठी वळून उभे होते आणि जानकी रोज त्यांच्या डोक्यावरची धूळ झटकत होती.

"ती दिलेली आसा," ती म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने भाषा बदलली. "म्हणजे, एका मुलीला कबूल केलीय."

"पैसे दिलेत तिने?"

"काजी देणार आहे. काजूच्या बिया."

तो हसला. हसणारच. इथली पोरं काजूच्या बिया वेचून दुकानात देतात आणि खाऊ नेतात, हे त्याला कोण सांगणार? जानकीने स्वतः त्या वयात बिया देऊन बर्फाचे गोळे खाल्ले होते. शिमग्याच्या वेळी तेजस्वी फळीसमोर हटून बसली, तेव्हा जानकीच बोलून गेली होती, "पिशवीभर काजी हाड. जलजा तुझी." तेव्हापासून ती पोर रोज शाळेत जाताना दारातून विचारायची, "इली?" आज तिला काय सांगायचं? आली होती, पण विकली?

"असं करा," तो म्हणाला, "हे सगळे वज्रवीरही बांधा. जुने, नवे, सगळे. तुमची फळी रिकामी."

"एवढे घेऊन काय करणार?"

"वाटून टाकीन. हिला मागतील तो भाव देणारे लोक आहेत."

जानकीने फळीकडे पाहिलं. फळी रिकामी! मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी यायच्या आत नवा माल भरता आला असता. आणि तिला मोह झाला. खराखुरा मोह झाला.

दाराशी खुर्चीत बसलेले तिचे सासरे, अप्पा, खाकरले. "जानकी, भवानीचो गिरायक परत धाडू नको गो. आख्खो दीस फुकट जातलो."

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक अप्पांनी जन्मात परत पाठवलं नव्हतं. एकदा भवानीलाच कुणी छत्री मागितली आणि दुकानात नव्हती, तर त्यांनी खुंटीवरची स्वतःची काढून विकली होती.

त्या माणसाने फोन पुढे धरला, हलवला, दारापर्यंत नेला. रेंज येईना. "रोखच घ्या," म्हणत त्याने पाकीट उघडलं आणि नोटा तिच्यासमोर धरल्या.

तेवढ्यात उंबऱ्यावर तेजस्वी उभी राहिली. गणवेश, पाठीला दप्तर, दोन्ही हातांत जड कापडी पिशवी. तिची नजर त्याच्या हातातल्या जलजावर गेली आणि तिथेच थांबली.

आता ही रडणार, असं जानकीला वाटलं. तेजस्वी रडली नाही. तिने पिशवी हळूच पाठीमागे घेतली आणि खाली बघत विचारलं, "आज पण नाय इली मा, काकी?"

जानकीला वाटलं, त्यापेक्षा हिने भोकाड पसरलं असतं तर बरं झालं असतं.

"हाड ती पिशवी," ती म्हणाली.

पिशवी टेबलावर आली. जानकीने गाठ सोडली, ओंजळभर बिया घेतल्या, डोळ्यांना लावल्या आणि गल्ल्यात सोडल्या. रिकाम्या गल्ल्यात त्या केवढ्यांदा खडखडल्या.

"भवानी झाली," ती त्या माणसाला म्हणाली. "आता बोला, तुम्हाला काय देऊ? वज्रवीर भरपूर आहेत."

त्याने जलजा टेबलावर आपटली आणि नोटा खिशात कोंबल्या. गाडी धूळ उडवत गेली. त्याच धुळीतून तेजस्वी जलजाला छातीशी धरून शाळेकडे पळाली.

दुकानात सासरा आणि सून उरली. फळीवरचे सगळे वज्रवीर मुठी वळून होते तिथेच होते. अप्पा खुर्चीतून उठले. जानकीने मान खाली घातली आणि बोलणी खायची तयारी केली.

अप्पांनी गल्ला ओढला. दोन बिया उचलल्या, मुठीत घेऊन कानाशी खुळखुळवल्या.

"बऱ्यो सुकल्यो आसत," ते म्हणाले, आणि गल्ला लावून टाकला.