खपली

“परत कडवट आमटी!” म्हणत निशिकांतने ताट भिंतीवर भिरकावलं आणि प्रमिलाचं मनगट धरून पिरगाळलं. मारताना तो नेहमी सांभाळून असायचा. मुका मार चालून जातो, पण रक्त काढलं की सरळ खुनाचं कलम लागतं. ‘अ’ जीवनसत्त्वापासून काढलेल्या, सगळेच रोज घेत त्या थेंबांनी कॅन्सर घराघरातून हद्दपार केला होता, पण त्यांच्यामुळे जखमेवर नवी कातडीही धरत नसे. शेजारच्या ढवळ्यांना दाढी करताना कापलं, तर जखम चिघळून ते चार महिन्यांत गेले. तेव्हापासून आळीतल्या बायका बांगड्यासुद्धा प्लास्टिकच्या घालत.

आज मात्र त्याच्या मुठीत काच कडकड फुटली. प्रमिलाने सकाळीच ट्रंकेतून आईचा हिरवा चुडा काढून हातात चढवला होता.

निशिकांत किंचाळला. काच तळव्यात खोल रुतली होती आणि रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. रक्त तिच्याही मनगटातून वाहत होतं.

“काचेच्या? अगं, तू पण मरशील!”

प्रमिलाने दुसऱ्या हाताची बाही वर सारली. तिथे गेल्या आठवड्यात तिने स्वतःच विळीने चिरून घेतलं होतं. त्यावर तपकिरी खपली धरली होती. निशिकांतने खपली पाहिली होती ती लहानपणी.

“सहा महिने माझे थेंब मोरीत ओतले, तेव्हा कुठे ही धरली,” ती म्हणाली. “गाठ यायची तर येऊ दे. तुम्हाला मात्र रोज दुप्पट पाजलेत, आमटीतून.”