पाचवी चिठ्ठी

"सन्माननीय सदस्यांनी जागेवर बसावे," हर्षा म्हणाली, आणि सातवीचा वर्ग बसला.

आनंदराव गुरुजी खिडकीजवळच्या स्टुलावर होते. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षे झाली होती. तरी दर फेब्रुवारीत एक दिवस ते सिहोऱ्याहून सायकलने या शाळेत येत आणि मुलांची विधानसभा भरवत. बाके फळ्याकडे तोंड करून मांडलेली. फळ्यापुढे अध्यक्षांची खुर्ची, तिच्यावर मुख्याध्यापकांची शाल. तिथून समोरचे उघडे दार दिसत होते.

"अध्यक्ष महोदया, मंत्री झोपून राहिले आहेत!" विरोधी पक्षनेता धम्मदीप ओरडला.

"झोपून नाही राहिलो, माहिती घेऊन राहिलो," अनुपने बाकावरचे डोके न उचलताच उत्तर दिले.

वर्ग हसला. गुरुजीही हसले. मग त्यांनी बोट वर केले. "भांडण नंतर. आधी शोकप्रस्ताव. सभागृह आधी गेलेल्यांची आठवण काढतं."

चार मुलांना त्यांनी घरून एकेक चिठ्ठी आणायला सांगितले होते. यंदा गावातून जे गेले, त्यांचे नाव. चिठ्ठ्या हर्षापुढच्या ताटलीत होत्या. ती एकेक उघडून वाचू लागली.

"भैय्याजी पटले. शकुनबाई गजभिये. बाबुलाल कुंभरे. रिताताईंचं बाळ, नाव ठेवायचं राहिलं होतं."

ताटलीत आणखी एक चिठ्ठी होती. तिने तीही उघडली.

"नत्थू देवाजी रामटेके," ती त्याच सुरात वाचून गेली. मग तिचा हात थांबला. ते तिच्या बाबांचे नाव होते.

वऱ्हांड्यात शाळेची खिचडी शिजत होती. ती शिजवणारी तुळसा, हर्षाची आई, हातातल्या पळीसकट आत आली आणि थेट लेकीच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"कोनं टाकलं माह्या मानसाचं नाव? मिरची तोडाले गेला हाये तो तेलंगणात. मरून नाही गेला!"

मुले एकमेकांकडे पाहू लागली.

"आईची शप्पथ काकू, म्या नाही टाकलं," अनुप उभा राहून म्हणाला. या वेळी कोणी हसले नाही.

नऊ दिवसांपासून नत्थूचा फोन लागत नव्हता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्यासोबत मिरची तोडायला गेलेल्या टोळीतले लोक सांगत होते, तो दुसऱ्या शेतावर गेला असेल, रिचार्ज संपले असेल.

गुरुजींनी उठून चिठ्ठी हातात घेतली. अक्षरांवर शिरोरेषा नव्हती. अशी उघडी अक्षरे लिहिणारा एकच विद्यार्थी त्यांना आठवत होता. कितीदा समजावले, कितीदा बोट धरून रेघ ओढून घेतली. शाळा सुटेपर्यंत नत्थूने डोक्यावरची ती रेघ काही दिली नाही.

"कोनाचं अक्षर हाये जी, गुरुजी?"

"ओळखू येत नाही, बाई." गुरुजींनी चिठ्ठीची घडी करून मुठीत धरली. वर्गात उभे राहून ते पहिल्यांदाच खोटे बोलले होते.

"मंग काढून टाका ते नाव. काढा म्हनते ना!"

"सभागृहात बोललेलं मला नाही काढता येत," गुरुजींच्या तोंडून सवयीने निघून गेले. "ते अध्यक्षांनाच काढावं लागतं."

बोलल्यावर त्यांनाच वाईट वाटले. पण तुळसा वळली होती. पळी काखेत धरून तिने बारा वर्षांच्या लेकीपुढे हात जोडले.

"अध्यक्ष बाई, काढा जी त्यायचं नाव."

चिठ्ठी गेली तरी हर्षाची बोटे कागद धरल्यासारखीच होती. तेवढ्यात धम्मदीप उठला.

"हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदया. जित्या माणसाचा शोकप्रस्ताव नियमात बसत नाही."

गुरुजींना त्या पोराला जवळ घ्यावेसे वाटले.

"हरकत मान्य," हर्षा म्हणाली. "पाचवं नाव कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे."

तुळसाने पदराने डोळे पुसले. वर्गाने श्वास सोडला. एका मुलीने वहीत लिहिलेली ओळ खोडरबराने पुसली आणि कागदावर फुंकर मारली.

"उरलेल्या चौघांसाठी सभागृह दोन मिनिटं स्तब्ध उभं राहील."

सगळे उभे राहिले. गुरुजींनी घड्याळ पाहिले. एक मिनिट झाले. दोन झाली. अध्यक्ष बसल्याशिवाय सदस्यांनी बसायचे नाही, हे सकाळीच शिकवलेले होते, म्हणून कोणी बसले नाही. तीन झाली. बाहेरून खिचडी करपल्याचा वास आला. तरी तुळसा जागची हलली नाही.

"दोन मिनिटं झाली, बाळा," गुरुजी हळूच म्हणाले. "तू बसलीस की सगळे बसतील."

हर्षा मुलांच्या डोक्यांवरून पलीकडे, दाराकडे पाहत होती.

"बसते ना, गुरुजी," ती म्हणाली. "पन बाबा उभेच हायेत अजून."

सगळ्या मुलांच्या पाठी दाराकडे होत्या. एकानेही वळून पाहिले नाही. तुळसाची नजर खाली फरशीवर होती. ती तशीच ठेवून तिने पदर डोक्यावर घेतला.