बंद अवस्थेतील वाहन

"दाबा, आक्का."

आक्काने ट्रॅक्टरच्या सीटवर बसून डाव्या पायाने क्लच दाबला.

"कुठे जड लागलं?" वस्तादाने ट्रॅक्टरच्या पोटाखालून विचारलं.

"दोन बोटं खाली गेल्यावर."

"कोणाची दोन बोटं?"

"माझी. दुसऱ्या कोणाची असणार?"

"तुमची बोटं बारीक आहेत. माझी दोन हवीत." वस्तादाने पान्याने नट आणखी अर्धा आटा सैल केला. "आता?"

"आता बरोबर. म्हणजे तुमच्या बोटांनी बरोबर."

या वयाच्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट कुठेच मिळत नाही, म्हणून वस्तादाने दुसऱ्याच ट्रॅक्टरची प्लेट लेथवर कातून आणून बसवली होती. गेले नऊ दिवस ती बसत नव्हती, रुसत होती. आत तीन छोट्या दांड्या असतात, त्या तिघींचं एकमेकींशी पटेना. एक वर आली की दुसरी खाली. आज सकाळी कुठे त्या एका पातळीत आल्या होत्या, आणि अकरा वाजता सुशोभीकरण विभागाचा साहेब तपासणीला येणार होता.

गेल्या वर्षी क्लच जळाला, तेव्हा आक्काने वैतागून त्या विभागाच्या कागदावर सही केली होती. तपासणीच्या दिवशी वाहन बंद असेल, तर चौकातल्या चौथऱ्यावर, सिमेंटमध्ये चाकं रोवून, शोभेला उभं करावं. चालू असेल, तर कागद रद्द.

साहेब अकराला आला. बरोबर क्रेन घेऊनच आला. वस्तादाने त्याच्या देखत इंजिन सुरू केलं. शेडचे पत्रे थरथरले. जेवणात झुरळ सापडावं तसा साहेबाचा चेहरा झाला.

"हे काय?"

"इंजिन," वस्ताद म्हणाला. "कागद फाडा."

"अहो, फाडा काय? चौथरा झालाय. पाटी झालीय. पाटीवर 'चिरविश्रांती' असं कोरलंय. खाली शेवंती लावलीय."

"मग शेवंतीला विश्रांती घेऊ द्या," आक्का सीटवरून म्हणाली.

"हे बघा, नियमात आवाजाचा उल्लेख नाही. हालचालीचा आहे. आवाज काय, आमचा पंखाही करतो." साहेब जवळ आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही असं करा वस्ताद, तो क्लच काढून ठेवा. तपासणीपुरता."

वस्तादाच्या हातातला पाना हातातच राहिला, हे साहेबाचं नशीब.

"तपासणीपुरता? नऊ दिवस मी याच्या पोटाखाली झोपलोय! माझ्या बायकोने माझं ताट वाढायचं बंद केलंय! केसाचा फरक नाही ठेवला आत, आणि तुम्ही म्हणता काढून ठेवा? डॉक्टरला जाऊन सांगता का, पेशंट बरा केलात, आता जरा आजारी पाडा?"

"तो विभाग वेगळा," साहेब म्हणाला.

वस्तादाने पाना जमिनीवर आपटला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"उगाच चिडू नका," साहेब म्हणाला. "मी स्वतः बसून पाहतो. हलला तर चालू, नाही हलला तर बंद. मी कोणावर अन्याय करत नाही."

आक्का खाली उतरली. त्या सीटवर तिने नवऱ्यालाही कधी बसू दिलं नव्हतं. साहेब वर चढला आणि खिशातून रुमाल काढून सीटवर अंथरून बसला.

"काय करू?"

"डाव्या पायाखालचं पेडल," वस्ताद म्हणाला. त्याचा आवाज एकदम थंड झाला होता. "पूर्ण दाबा. दाबून धरा."

साहेबाने दाबलं. वस्तादाने बाजूने हात घालून सगळ्यात हळू चालणारा गिअर टाकला.

"हलतोय का?" साहेबाने विचारलं.

"नाही."

"बघा. मी म्हटलं नव्हतं?" साहेबाने स्टिअरिंगवर फॉर्म पसरला, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि मान खाली घातली. फॉर्म चार पानी होता.

"साहेब, लिहिताना पायाला रग लागेल," वस्ताद म्हणाला. "उचला. सावकाश. अगदी सावकाश."

साहेबाने लिहिता लिहिता पाय सावकाश उचलला.

वाईट बसवलेला क्लच धक्का देतो. माणूस पुढे आपटतो, पेन कागदावरून घसरतं. साहेबाच्या 'मालकाचे पूर्ण नाव'मधला एक काना वाकडा झाला नाही. ट्रॅक्टर शेडमधून उन्हात आला, तेव्हा साहेबाने फक्त डोळे किलकिले केले.

क्रेनवाला बिडी विझवून उठला आणि कोणी न सांगता त्याने क्रेन बाजूला घेतली. आक्का पुढे गेली आणि तिने फाटकाच्या दोन्ही फळ्या उघडल्या.

'वाहनाची सद्यस्थिती' या रकान्यात साहेबाने वळणदार अक्षरात 'बंद' असं लिहिलं. खाली एक रेघ मारली. ती सरळ आली.

फाटक मागे गेलं. कुंपण मागे जायला लागलं.

"चाकं किती लिहू?" साहेबाने मान वर न करता विचारलं.

"चार," मडगार्डवर हात ठेवून शेजारून चालणारा वस्ताद म्हणाला. "पण वाकून मोजा. फिरताहेत."