बांधापलीकडची फुलपाखरं

कुशाबाईच्या सासऱ्यांनी, सोपानरावांनी, दोराला बांधलेला लोखंडी गळ विहिरीत सोडला आणि काठावरच्या बायका पुढं वाकल्या. कुशाबाईचं मात्र गळाकडं लक्षच नव्हतं. ती आपल्या उजव्या हाताकडं बघत होती.

याच हातानं तिनं सकाळी तीन वर्षांच्या बायडीच्या पाठीत धपाटा घातला होता. दिवाळी तोंडावर आलेली, अंगण नुकतं सारवलेलं, आणि पोरगी नेमकी त्यावरच मुतायला बसली. रोजचंच होतं ते. रोज तिथं ओल राहायची आणि ऊन चढलं की पिवळी फुलपाखरं थव्यानं येऊन त्या ओलीत सोंड खुपसायची. सासू तानाबाई हसायची, तुझ्या लेकीनं यांना खारट पाण्याची चटक लावली म्हणायची. आज कुशाबाईला हसू आलं नाही. लांब जाऊन मर कुठं तरी, असं ती लेकीवर ओरडली होती. त्यानंतर सगळीकडं हाका मारून झाल्या, पण पोर कुणाला दिसलीच नाही. नवरा पिंपरीला, औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर. संध्याकाळी त्याला काय सांगायचं? मीच तिला मर म्हणाले, असं?

दोर ताणला. गळाला काहीतरी लागलं होतं. वर आली ती फुटकी बादली.

तेवढ्यात शेजारच्या सरुबाईनं बांधापलीकडं बोट दाखवलं. माळावर एका जागी पिवळं पिवळं नुसतं हलत होतं. मेलेल्या जनावरावरबी ही अशीच बसत्यात, ती हळूच कुणाला तरी म्हणाली. कुशाबाईनं ते ऐकलं आणि ती माळाकडं बघत राहिली. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. पाऊस जाऊन पंधरवडा झाला, माळ खडखडीत वाळलाय, मग तिथं ओल आली कुठनं? आणि ही तर आपल्या अंगणातलीच पिवळी.

"मामा, गळ वर काढा," ती म्हणाली आणि पदर खोचून पळत सुटली.

बांधाच्या आडोशाला बायडी उकिडवी बसली होती. पायाशी ओल, ओलीवर फुलपाखरं. सगळ्या हाका तिनं ऐकल्या होत्या. आईला बघताच तिनं दोन्ही हात मागं नेऊन पाठ झाकली.

"आये," ती भीत भीत म्हणाली, "एवढं लांब बास हाय का?"