परत आलेली मूठभर ज्वारी

लुंबिनीनं पार्सल फोडलं. लातूरच्या प्रयोगशाळेतून ते तिनं न फोडता मुखेडजवळच्या या गावात आणलं होतं. आत एक सीलबंद पाकीट आणि पाकिटात मूठभर ज्वारी.

"आजी, तुमचंच बी हाय. आठ वर्षं युरोपातल्या बियाणं-बँकेत बर्फागत थंडीत ठेवलं होतं."

चांगुणाबाईनं दाण्यांना हात लावला नाही. "तिकडच्या मान्सांनी काय औशीद-बिवशीद केलं का त्याला?"

"न्हाई. जसंच्या तसं हाय."

"लई तकलीफ घेतलीस, पोरी."

घेतली होतीच. आठ वर्षांपूर्वी पाच देशांच्या संशोधनासाठी लुंबिनीच गावोगाव वाण गोळा करत फिरली होती. पाण्याविना तग धरणारी ही ज्वारी फक्त चांगुणाबाईच्या घरात उरली होती आणि म्हातारी अडून बसली होती.

"सासूनं बजावलंय, घरचं जितं बी परक्याच्या हाती देऊ नको."

मग लुंबिनीचं उतरलेलं तोंड बघून ती उठली. "पन पाव्हनीला रिकाम्या हाती कशी लावू?"

आत गेली ती बराच वेळ आली नाही. भाकरीचा खमंग वास सुटला, तेव्हा जेवूनच जावं लागणार असं लुंबिनीला वाटलं. पण म्हातारी बाहेर आली ती पुडी घेऊन. तिच्या मुठीची ऊब पुडीला होती. लुंबिनीला भरून आलं होतं.

गेल्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं आणि कणगीतलं सगळं बी कुजलं. जगात उरली ती तेवढी पुडी. वर्षभर लुंबिनीनं तीन देशांशी पत्रव्यवहार केला, परवाने मिळवले. उगवण तपासायची पाळी आली नव्हती, त्यामुळे तिकडं कुणी पाकीट फोडलंही नव्हतं. एकही दाणा वाया गेला नाही म्हणून ती सुखावली होती.

दोघींनी अंगणात वाफा केला आणि दाणे पेरले. लुंबिनी लातूरहून रोज फोन करी.

"आज काही दिसलं का?"

"न्हाई गं."

दहाव्या दिवशी ती स्वतः आली. वाफा ओला होता, काळा आणि मोकळा. तिनं बोटांनी माती उकरली. दाणे सडले होते, एकालाही मोड नव्हता. तिला रडू आवरेना.

"तिकडंच हयगय झाली. मी सोडनार न्हाई त्यान्ला. आजच लिहिते."

"त्यान्ला काय बोलू नको," चांगुणाबाई मातीकडं बघत म्हणाली. "सासूचा शबुद मोडवंना, तुला न्हाई म्हनवंना. म्हून म्या दानं भाजून दिल्ते."