सोपा की अवघड

"यात न समजण्यासारखं आहे काय?" गुप्तेसर म्हणाले आणि बायकोकडे बघून हसले.

पेणहून आलेली हेमांगी त्यांच्या रोह्याच्या घरात समोर बसली होती. ती लोकांची गुंतवणुकीची कामं करायची. सरांना निवृत्तीचे सगळे पैसे एका बॉण्ड ईटीएफमध्ये टाकायचे होते. म्हणजे बरेच कर्जरोखे एकत्र करून केलेला आणि शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड. तो या गिऱ्हाइकाला समजायला सोपा की अवघड, हे हेमांगीला आधी प्रश्न विचारून ठरवायचं आणि अर्जात लिहायचं होतं. पैसे नवरा-बायको दोघांच्या नावावर होते, म्हणून तिने दोघांनाही बसवलं होतं. असले प्रश्न गडब गावच्या भात पिकवणाऱ्यांना विचार, असं सर तिला सुरुवातीलाच म्हणाले होते. आपल्यापेक्षा हुशार माणूस त्यांना रोह्यात अजून भेटला नव्हता.

हेमांगीने सावकाश सांगितलं. ही मुदत ठेव नाही. बाजारात व्याजदर वाढले, तर या फंडाची किंमत उतरते.

व्याज वाढल्यावर किंमत उतरेल कशी, असं सरांच्या बायकोने, सुहासिनीबाईंनी विचारलं.

सरांनी कपाळावर हात मारला. हिचं गणित वाटीने तांदूळ मोजण्यापुरतं, असं ते हेमांगीला म्हणाले.

"मग सर, तुम्हीच सांगा ना काकूंना," हेमांगी म्हणाली. "त्यांना पटलं की माझं काम झालं."

सरांनी चष्मा काढून पुसला. व्याज म्हणजे व्याज आणि किंमत म्हणजे किंमत, असं काहीतरी पुटपुटले. मग एकदम बायकोवर खेकसले, उगाच फाटे फोडू नकोस, समजलं म्हण आणि सही कर.

सुहासिनीबाईंनी पेन उचललं नाही. सरांचे जुने विद्यार्थी बाजारात भेटले की अजून सांगायचे, सर एकच गणित चार-चार तऱ्हांनी समजावायचे.

"यांना जे येतं, ते हे समजावून सांगतात," त्या हेमांगीला म्हणाल्या. "येत नाही तिथे खेकसतात. आम्हा दोघांनाही कळलेलं नाही, असं लिही."

हेमांगीने तसं लिहिलं. सर आत निघून गेले.

तिला फाटकापर्यंत सोडून सुहासिनीबाई परत आल्या आणि पायरीवर टेकल्या. लग्न झाल्यापासून सरांनी आपल्याला काय काय समजावून सांगितलं, ते त्या आठवू लागल्या. एकही गोष्ट आठवेना.