पहिलं पाखरू

पुजारी गेरसकोनने हात वर करायला सांगितलं आणि कड्यावर जमलेल्या सगळ्यांनी ते वर केले, वेदीच्या दगडावर कोरलेल्या देवीसारखे. त्या दगडावर देवी म्हणजे एक त्रिकोण, त्यावर गोल डोकं आणि उभारलेले दोन हात. बातनोआमने एकच हात वर केला. दुसरा शालीखाली होता आणि त्या हातात जिवंत कबूतर होतं.

अश्तार्त देवी दरवर्षी एरिक्सचा डोंगर सोडून समुद्रापलीकडे कार्थेजच्या किनाऱ्याला जाते. तिच्याबरोबर देवळातली झाडून सगळी कबुतरं जातात. परतताना सर्वांत पुढे एक लाल पाखरू असतं. ते दिसलं की देवी आली. ती काल यायला हवी होती. आज ऊन उतरायला लागलं तरी आभाळ रिकामंच होतं, आणि देवी आल्याशिवाय खाली बंदरातलं एकही गलबत दोर सोडणार नव्हतं.

एरिक्सवरच्या माणसांना वाट बघणं जमत नाही. त्यांना लगेच कोणीतरी दोषी लागतो.

"कोणीतरी पाखरू लपवून ठेवलंय," शाफात कुंभार सकाळपासून सांगत सुटला होता. "एक जरी मागे राहिलं तरी देवीचा पाय इथून निघत नाही. जी गेलीच नाही, ती परत येणार कुठून?"

बोलणं बिनतोड होतं. दुपारपासून माणसं घराघरांतल्या टोपल्या उपड्या करत होती. ज्याच्याकडे पाखरू सापडेल त्याला याच कड्यावरून खाली जायचं होतं, आणि पायवाटेने नव्हे.

म्हणून बातनोआम ते अंगाशी धरून इथे आली होती. देवी निघाली त्या दिवशी ससाण्याने छाती फाडलेलं हे पाखरू तिच्या अंगणात पडलं. ज्याला उडता येत नाही ते देवळात सुरीखाली द्यायचं, हे तिला ठाऊक होतं. तिला ते जमलं नाही. तिने शालीची निळी किनार फाडून जखम बांधली, दाणे भिजवून भरवले, आणि आता त्या पाखरात तिचा जीव अडकला होता.

"दुसरा हात कुठाय?" शेजारून शाफातने विचारलं.

"खांदा आखडलाय."

"बरा आजच आखडला. काल तर भरली घागर घेऊन चढत होतीस."

तेवढ्यात शालीखाली पाखरू घुमलं. अगदी हळू. शाफातला ऐकू गेलं नाही, पण मागे उभ्या असलेल्या तिच्या सासूला, आरिशातला गेलं. या दोघींचं कालवणातल्या मिठावरूनसुद्धा कधी जमलं नव्हतं.

आरिशात पुढे आली आणि सून आणि शाफात यांच्या मधे घुसली. "सरक रे जरा. भट्टीचा वास मारतोस." मग मान न वळवता तिने सुनेला हलकेच विचारलं, "कधीपासून?"

"देवी निघाली तेव्हापासून."

"मूर्ख." म्हातारीने समुद्राकडे पाहिलं. "दोन्ही हात वर कर."

"आई, त्याला उडता येत नाही."

"मलाही येत नाही," आरिशात म्हणाली. "तुलाही येत नाही."

बातनोआम कड्याच्या टोकाशी गेली. तिच्या मागे आरिशातने आपली शाल दोन्ही हातांनी पसरून आभाळाकडे धरली आणि मोठमोठ्याने देवीचं नाव घ्यायला लागली. त्या आडोशाला बातनोआमने पाखरू सोडलं आणि दोन्ही हात वर केले. पाखरू दगडासारखं खाली गेलं. तिने डोळे मिटून घेतले. तिला रडू फुटत होतं आणि रडायची सोय नव्हती.

समुद्रावरचा वारा त्या कड्याला आपटला की सरळ वर चढतो. पाखरू त्यात सापडलं. वाऱ्याने ते लांब पाण्यावर भिरकावलं, तिथे ते भेलकांडलं, कसेबसे पंख मारायला लागलं आणि वळलं. मावळतं ऊन त्याच्यावर पडलं तेव्हा त्याची छाती लाल दिसली. जखम उघडली होती, हे बातनोआमला डोळे उघडताच कळलं. इतरांना कळायचं कारण नव्हतं.

"लाल आहे," शाफात म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "अरे, लाल आहे. आली."

पण पाखरू वेदीकडे गेलं नाही. ज्या हाताने दाणे भरवले तोच हात त्याला ठाऊक होता. ते थेट बातनोआमच्या अंगावर येऊन आदळलं आणि शालीत शिरायला धडपडू लागलं.

लोकांनी गेरसकोनला वाट करून दिली. त्याने पाखरू उचललं. त्याची बोटं ओली झाली. पिसांत रुतलेली निळी चिंधी त्याला दिसली आणि मग त्याची नजर बातनोआमच्या शालीवर गेली. फाटलेली कड आरिशातने मुठीत आवळून धरली होती.

"कुठून आली?" त्याने विचारलं.



"समुद्रावरून," आरिशात म्हणाली. "सगळ्यांनी बघितलं."

गेरसकोनने लोकांकडे पाहिलं. त्यांचे हात अजून वरच होते. मग त्याने समुद्राकडे पाहिलं. तिकडे काही नव्हतं. त्याचा डावा हात पाखराच्या छातीवरून हलकेच फिरला आणि चिंधीवर मूठ मिटली.

"दमलीय," तो म्हणाला. "लांबून आलीय."

डफ वाजायला लागले. शाफात रडत होता आणि दिसेल त्याला मिठी मारत होता. खाली बंदरात गलबतांचे दोर सुटले. पाखराला गाभाऱ्यात ठेवून गेरसकोन वेदीपाशी आला. उजव्या हाताने त्याने तेल ओतलं, उजव्या हाताने धूप घातला, उजवाच हात एकेकाच्या डोक्यावर ठेवला. बातनोआम त्याच्यासमोर वाकली तेव्हाही उजवाच. डावी मूठ त्याने उघडली नाही.